विळा बेटावरचं खळं

१

आखाडा बाळापूरच्या बाजारात खत-बियाण्याचं एक दुकान आहे. बाजूचा लोखंडी जिना चढून वर गेलं की सहा संगणक, दोन पंखे आणि पाण्याचा एक जार एवढीच खोली लागते. त्या खोलीत बसलेली माणसं दिवसभर समुद्र बघतात. त्यातल्या एकानेही खरा समुद्र पाहिलेला नाही. फार तर सिद्धेश्वर धरण पाहिलंय, तेही शाळेच्या सहलीत.

काम तसं सोपं होतं. पार दूरच्या महासागरात काही देश आहेत, इतके लहान की अख्खा देश शिरड शहापूरच्या शिवारात मावून वर गावठाण उरावं. समुद्र त्यांना दरवर्षी थोडा थोडा खात चालला आहे. किती खाल्लं हे मोजायला त्यांच्याकडे माणसं पुरत नाहीत, म्हणून उपग्रह दर पाचव्या दिवशी, तिथल्या सकाळच्या साडेदहाला, वरून फोटो काढतो. ते फोटो हैदराबादच्या एका कंपनीकडे जातात आणि तिथून बाळापूरला येतात. डाव्या बाजूला जुना फोटो, उजव्या बाजूला नवा. घर, झाड, विहीर, किनारा, ज्याच्या त्याच्याभोवती माउसने रेघ ओढायची आणि काय बदललं ते लिहायचं. काहीच बदललं नसेल तर ‘जैसे थे’ नावाचं बटण दाबून पुढे जायचं.

बेटांची खरी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून पोरांनी आपली ठेवली होती. एक भाकरी, एक उलटी चप्पल, आणि जे वाकडं, टोकदार होतं ते विळा. विळा शिवकन्येकडे होतं.

शिवकन्या सत्तावीस वर्षांची, आणि कामात अशी काटेकोर की खोलीचे चालक बालाजी सर नवीन पोरांना तिच्या रेघा दाखवायचे. बाळापुरात ती नीलाबाई मावशीकडे राहायची. वडील संतराम सहा वर्षांपूर्वी गेले. आई पार्वतीबाई शिरड शहापूरला शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या दोन खोल्यांच्या घरात, एकटी राहायची. गावात ये म्हटलं तर यायची नाही, बाळापूरला ये म्हटलं तर हसायची. रोज संध्याकाळी फोन मात्र चुकत नसे, आणि त्या फोनवर शिवकन्येचा दिवस संपायचा. आईशिवाय तिला या जगात दुसरं कोण होतं? मावशी होती, पण तीही आईमुळेच होती.

२

डिसेंबरच्या एका फोटोत विळ्यावर एक गोल दिसला.

नारळाच्या झाडांमध्ये, सात घरांच्या वस्तीला लागून, जमीन साफ केलेली होती. गोल अगदी नेटका, फिकट रंगाचा, आणि बरोबर मध्ये एक काळा ठिपका. ठिपक्याची बारीक सावली एका बाजूला पडलेली. शिवकन्या बराच वेळ बघत बसली. मग शेजारच्या दिपकला हाक मारली. दिपक जवळच्या तांड्यावरचा, कामात चलाख, पण तोंडाला कुलूप नाही.

“ताई, हेलिकॉप्टर उतरवायची जागा हाय ती,” तो म्हणाला.

“अन् मधी खांब रोवलाय? त्यावर उतरवतात का हेलिकॉप्टर?”

“मंग तुमीच सांगा काय हाय.”

“खळं हाय,” शिवकन्या म्हणाली.

दिपक हसला. त्याने खळं पाहिलंच नव्हतं. मळणी यंत्रं आल्यापासून जिल्ह्यात खळी राहिली कुठे? पण संतराम हट्टी माणूस. मरेपर्यंत त्यांनी आखाड्यापुढे खळं केलं. जमीन झाडायची, पाणी मारून चोपायची, शेणाने सारवायची, मध्ये लाकडाची मेढ रोवायची आणि तिच्याभोवती एका दाव्यात बांधलेल्या बैलांची पात फिरवायची. खळ्यात चप्पल घालून जायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. आणि खळं एकदा मांडलं की ते सुनं सोडायचं नाही, घरातलं कुणी ना कुणी तिथे बसलेलं असलंच पाहिजे. हे सगळं शिवकन्येच्या अंगात मुरलेलं होतं. म्हणून तर आकाशातून बघूनही तिला ते ओळखू आलं.

आता नारळाच्या बेटावर कसलं धान्य मळणार, हा प्रश्न तिलाही पडला. पण यादीत घर, झाड, पाणी, वाळू, रस्ता एवढंच होतं. तिने शेऱ्यात खळं असं लिहिलं आणि मळणीची जागा असा खुलासा केला. दुसऱ्या दिवशी हैदराबादहून उत्तर आलं, की नवीन प्रकार नोंदवायचा असेल तर नमुना जोडा. तुमच्या माहितीच्या जागेचा एक फोटो, रेघ ओढून, ठिकाण लिहून. संगणक त्यावरून शिकेल आणि पुढे आपला आपण शोधेल.

तिच्या माहितीचं खळं एकच होतं. उपग्रहाच्या जुन्या फोटोंत शोधत ती पडद्यावरच शिरड शहापूरला गेली, आईच्या शेतावर. संतराम जिवंत होते तेव्हाचा फोटो सापडला. आखाडा, विहीर, आणि पुढे वडिलांचं खळं, मेढेसकट. किती बारीक होतं ते सगळं, आणि किती नेमकं. तिने त्याच्याभोवती रेघ ओढली, ठिकाण लिहिलं आणि पाठवून दिलं.

३

पाच दिवसांनी विळ्याचा नवा फोटो आला. खळ्याजवळची सात घरं नव्हती.

समुद्राने नेली म्हणावं तर किनारा जागच्या जागी होता. वादळ म्हणावं तर नारळाचं एक झाड पडलेलं नव्हतं. घरं होती तिथेही झाडंच होती, चांगली मोठी, वीस-पंचवीस वर्षांची. शिवकन्येने डावीकडचा जुना फोटो बघितला. जुन्या फोटोतही घरं नव्हती. तिने ओढलेल्या सात रेघा मात्र होत्या, झाडांच्या शेंड्यांवर, नुसत्या चौकोनी.

तिने मागचे सगळे फोटो उघडले. दोन वर्षांपूर्वीचे, चार वर्षांपूर्वीचे. घर कुठेच नव्हतं. रेघा सगळीकडे होत्या.

बालाजी सरांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, पुन्हा लावला. “मॅडम, तुम्ही झाडांना घरं केलीत?”

“सर, घरं होती. पत्र्याची. दिपकने तपासलीत, त्याची खूण हाय.”

दिपकची हिरवी खूण खरंच प्रत्येक रेघेवर होती. दिपक वाकून बघत राहिला. “खूण माझीच हाय ताई,” तो म्हणाला, “पण मला तर काई आठवत न्हाई. तिथं कधी वस्ती नव्हतीच ना?”

तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा करताना त्याचा खालचा ओठ हलतो, तो हलत नव्हता. सरांनी हैदराबादला फोन लावला. तिथल्या बाईंनी कागद बघून सांगितलं, त्या टोकाला कधीच वस्ती नव्हती, रेघा पुसून टाका. नियमच होता तसा. रेघ आहे आणि वस्तू नाही, तर रेघ चूक.

शिवकन्येने स्वतःला समजावलं. सारखं पडद्याकडे बघून डोळे थकतात. दुसऱ्या बेटाच्या रेघा इथे चिकटल्या असतील. संगणकाचं काय सांगावं? पण सातव्या घराच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेलं लाल काहीतरी तिने चार वर्षं बघितलं होतं. कधी सरकायचं, कधी नसायचं, आणि नसलं की तिला चुकल्यासारखं वाटायचं. कुणीतरी बाई रोज धुणं घालत होती तिथे. ती कुठे गेली?

तिने एकेक करून रेघा पुसल्या.

४

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने तो नमुना पुन्हा उघडला. विळ्यावरचं खळं आणि वडिलांचं खळं शेजारी ठेवून बघावं, आपलीच कुठे चूक झाली ते कळेल, एवढाच हेतू. पण त्या यंत्राची सवय अशी, की डावीकडे जुना फोटो उघडला की उजवीकडे त्याच जागेचा ताजा फोटो आपोआप येतो.

ताजा फोटो तीन दिवसांपूर्वीचा होता. त्यात आखाडा होता, विहीर होती, काढणीला आलेली हळद होती. आणि आखाड्यापुढे गोल, नेटकं, फिकट खळं होतं. मध्ये काळा ठिपका.

तिने डबा तसाच ठेवून फोन लावला.

“आई, आखाड्यापुढं जागा साफ केली का तू?”

“व्हय की. हळद निघंल आता. वाळू घालायला नको का?”

शिवकन्येचा जीव भांड्यात पडला. हळद शिजवून वाळू घालायला जागा लागतेच, सगळा जिल्हा या दिवसांत पिवळा होतो. “पण गोल काहून केली?”

“गोल? मुद्दाम न्हाई केली बाई. झाडत गेले, झाडत गेले, तसं गोल होत गेलं.”

“अन् मधी काय रोवलंय?”

“मेढ हाय ना. तुझ्या बाबाची.”

“कुणी रोवली?”

“रोवायची कशाला? सकाळी उठले तर व्हती तिथं.” आईचा आवाज अगदी शांत होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “तू जेवलीस का?”

वडिलांची मेढ त्यांच्या सरणावर ठेवली होती. गावातल्या म्हाताऱ्यांनीच ठेवायला लावली होती, माणसासोबत त्याचं खळंही जाऊ दे म्हणून. ती जळताना शिवकन्येने स्वतः बघितली होती.

त्या क्षणी तिला समजलं, आणि समजल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. त्या खळ्याला आपल्या घराचं ठिकाण आपणच लिहून दिलं. आपल्या हाताने, रेघ ओढून.

विळ्यावर खळं दिसल्यावर पुढच्याच फोटोत घरं गेली होती. उपग्रह शिरड शहापूरवरून पुन्हा जायचा तो गुरुवारी, सकाळी साडेदहाला. आज मंगळवार होता. तिने आधी नमुना मागे घेण्याचा अर्ज पाठवला. त्यावर नोंद झाली आहे असं उत्तर आलं, बाकी काही नाही. मग तिने ताज्या फोटोवर रेघा ओढायला घेतल्या. विहीर, गोठा, दारातला लिंब, दगडी रांजण. शेवटी आखाडा, अकरा कोपऱ्यांचा, एकही कोपरा न चुकवता, आणि शेऱ्यात लिहिलं: आईचं घर. यानं काय होणार ते तिला माहीत नव्हतं. पण विळ्यावर शेवटी रेघाच तेवढ्या राहिल्या होत्या.

बुधवारी हळदीचे मजूर यायचे म्हणून आई गाव सोडायला तयार नव्हती. फोनवर खूप झालं. शेवटी आई म्हणाली, “बुधवार जाऊ दे, मंग तूच ये नं. तू न्यायला आलीस तर येते मी.”

५

दोन गाड्या बदलून शिवकन्या गुरुवारी नऊ वाजता शेतात पोचली. ऊन चांगलं वर आलं होतं, हळदीची पानं वाळून खाली लोळली होती, पलीकडच्या रस्त्याने ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. असल्या सकाळी माणसाला कशाची भीती वाटावी?

खळं मात्र तिथे होतं. इतकं सुंदर सारवलेलं की एक काडी पडलेली नव्हती. मेढ जुनी, तुळतुळीत, बैलांच्या घासणीने मध्ये झिजलेली. शिवकन्येने तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही.

आईने चहा केला. आईचे हात पिवळे होते, केसात कचरा होता, आणि लेक आली म्हणून तोंडभर हसू होतं. शिवकन्येला ते हसू बघवेना. तिने पिशवी भरली, शेळी शेजारच्या शेतात बांधून आली, कुलूप लावलं.

“काय घाई लावली गं एवढी? कुनी मेलं का?”

“चल तू. गाडी जाईल.”

“मजूर यायचे व्हते. काल कुनीच आलं न्हाई. फोन केला तर म्हनतात, कुनाची हळद?” पार्वतीबाई चालता चालता बोलत होती. “लोकाला आजकाल काई ध्यानात राहत न्हाई बघ.”

दहा वाजून वीस मिनिटांनी दोघी बांध ओलांडून रस्त्याला लागल्या. शिवकन्येने आईचं मनगट धरलं होतं. अजून दोन शेतं, मग थांबा. तिला रडू यायला लागलं, सुटलो म्हणून. आणि तेवढ्यात आई थांबली.

“शिवे, खळं सुनं सोडून आलो की आपन.”

“असू दे.”

“आसं सोडत न्हाईत, माय. कुनी तरी बसावं लागतं.”

“आई, तिथं काय हाय राखायला? एक दाणा न्हाई त्या खळ्यात.”

आईने तिच्याकडे बघितलं, लहान लेकराला समजवावं तसं. “हाय की,” ती म्हणाली.

मनगट कसं सुटलं ते शिवकन्येला कळलं नाही. साठीची बाई, गुडघे दुखणारी, पण ती बांध एका पावलात चढून गेली. शिवकन्या मागे धावली. हाका मारल्या. हळदीच्या वाफ्यात दोनदा पडली. खळ्याच्या कडेला पोचली तेव्हा आई मेढेला पाठ टेकून बसलेली होती, पदर डोक्यावर घेऊन.

चार पावलं उरली होती. धावत जायचं, दंडाला धरायचं आणि ओढून बाहेर काढायचं. शिवकन्या सँडल काढायला वाकली.

लहानपणापासूनची सवय. खळ्यात चप्पल नेत नाहीत. डाव्या पायाचा पट्टा निघाला, उजव्याचा अडकला. आणि वाकल्यामुळे तिचे डोळे जमिनीवर होते.

सारवलेल्या जमिनीवर सावल्या चालत होत्या. मेढेभोवती, एकामागे एक, बैलांच्या पातीसारख्या, हळूहळू. माणसांच्या होत्या. एकीच्या सावलीच्या हातात ओलं धुणं असावं असं काहीतरी लोंबत होतं. वर कुणी नव्हतं. आवाज नव्हता, फक्त खाली काहीतरी भरडलं जात असल्याची बारीक कुरकुर तळपायाला लागत होती.

त्यांनी बाजूला सरकून जागा करून दिली आणि आईची सावली उठून त्यांच्यात उभी राहिली.

शिवकन्येने मान वर केली.

समोर हळद होती, बांधापासून बांधापर्यंत, वाळत आलेली. ती एक सँडल हातात घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभी होती. शेजारच्या शेतात कुणाची तरी शेळी ओरडत होती. कपड्यांची पिशवी खांद्याला कशाला अडकवली होती कोण जाणे. शेत बघायला आले असेन, बटईने, अर्ध्या वाट्यावर दिलेलं आहे, कधीतरी बघावं लागतं. तिने सँडल घातली आणि गाडी पकडली.

६

शुक्रवारी कामावर आल्यावर तिला तिच्या नावावर एक चूक दिसली. शिरड शहापूरच्या शिवारात, उभ्या पिकावर, कुणीतरी रेघा ओढून ठेवल्या होत्या. एक तर अकरा कोपऱ्यांची, फार जपून ओढलेली. शेऱ्यात काहीतरी भावनेचं लिहिलेलं होतं. दिपक म्हणाला, “ताई, तुमच्याच नावानं हाय.” ती म्हणाली, “झोपेत ओढली असंल.” दोघं हसले. मग तिने ती पुसून टाकली.

दुपारी बालाजी सरांनी हैदराबादहून आलेले ओळखपत्राचे फॉर्म वाटले. नाव, पत्ता, जन्मतारीख तिने भरभर लिहिलं. वडिलांच्या रकान्यात संतराम लिहिलं. पुढचा रकाना आईच्या नावाचा होता. तिथे पेन थांबलं.

तिला हसू आलं. असं कसं विसरले मी? तिने मावशीला फोन लावला.

“मावशी, माझ्या आईचं नाव काय गं लिहायचं?”

“थांब हां,” नीलाबाई म्हणाली. पलीकडे फोडणी तडतडत होती. ती बराच वेळ तडतडली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. “मला न्हाई बाई माहीत.”

“आगं, तुझी बहीण ना ती.”

“मला कुठं बहीन हाय? माझ्या मायबापाला मी एकलीच.”

“मग मी तुला मावशी काहून म्हणते?”

दोघींनी फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने पलीकडून रडण्याचा आवाज यायला लागला, आणि मधूनच मावशी विचारत होती, “मी काहून रडून राहिले गं? शिवे, सांग की, मी काहून रडून राहिले?”

दिपकचा फॉर्म भरून झाला होता. सर फॉर्म गोळा करत तिच्यापाशी आले, डोकावले, आणि म्हणाले, “तो एक रकाना राहू द्या मॅडम. बाकीचा भरून द्या.”

शिवकन्येने बाकीचा भरून दिला.